मत कशावर ठरते? उत्पन्न, धर्म, व्यवसाय आणि आपला मतदार

निकाल लागला की प्रत्येक वस्तीत तोच प्रश्न विचारला जातो : आपली मते कुठे गेली? विहारात, नाक्यावर, व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन-तीन दिवस हीच चर्चा चालते. कोणी म्हणतो समाज विकला गेला. कोणी म्हणतो समाज एकगठ्ठा उभा राहिला, पण नेत्यांनी माती केली. कोणी सगळा दोष शिकलेल्या, फ्लॅटमध्ये राहायला गेलेल्या लोकांवर टाकतो. ही सगळी विधाने ठामपणे केली जातात, पण तपासून पाहिलेली फार थोडी असतात.

मतदार मत कसे ठरवतो याचा शास्त्रशुद्ध अभ्यास गेली ऐंशीहून अधिक वर्षे चालू आहे. राज्यशास्त्रात त्याला मतदान वर्तन म्हणतात. त्यात तीन गोष्टी पुन्हा पुन्हा येतात : माणसाचे उत्पन्न किती, धर्म कोणता आणि तो काम काय करतो. या तिन्हींचा मतावर परिणाम होतो, यात वाद नाही. पण तो आपोआप होत नाही. पगार, धर्म किंवा धंदा यांचे मतात रूपांतर करायला मधे संघटना लागते. ती असली तर तीच माणसे एका दिशेने जातात, नसली तर विखुरतात. आपल्या चळवळीचा इतिहासही हेच सांगतो.

अभ्यासाची सुरुवात

१९४० साली अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या एरी काउंटीत पॉल लाझार्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे सहाशे मतदारांच्या मे ते नोव्हेंबर या काळात पुन्हा पुन्हा मुलाखती घेतल्या. प्रचारामुळे लोक मत कसे बदलतात हे त्यांना पाहायचे होते. प्रत्यक्षात मत बदलणारे फार थोडे निघाले. मतदाराची आर्थिक स्थिती, त्याचा धर्मपंथ आणि तो शहरात राहतो की गावाकडे, या तीन गोष्टी कळल्या तर त्याचा कल बऱ्याच अंशी आधीच सांगता येत होता. सुस्थितीतले, प्रोटेस्टंट आणि ग्रामीण मतदार तिथल्या रिपब्लिकन पक्षाकडे, तर गरीब, कॅथलिक आणि शहरी मतदार डेमोक्रॅटिक पक्षाकडे झुकत होते. (त्या रिपब्लिकन पक्षाचा आपल्या रिपब्लिकन पक्षाशी नावापलीकडे संबंध नाही.)

या अभ्यासातल्या आणखी दोन गोष्टी कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवाव्यात. पहिली म्हणजे उलटसुलट ओढ. ज्या मतदाराला उत्पन्न एका बाजूला आणि धर्म दुसऱ्या बाजूला ओढत होता, तो निर्णय उशिरा घेत होता किंवा निवडणुकीतला त्याचा रसच कमी होत होता. दुसरी गोष्ट अशी की लोकांवर वर्तमानपत्र आणि रेडिओपेक्षा ओळखीच्या माणसाच्या बोलण्याचा परिणाम जास्त होत होता. प्रत्येक गल्लीत, प्रत्येक कारखान्यात अशी एक-दोन माणसे असतात, ज्यांचे मत बाकीचे विचारात घेतात.

पुढे १९६० मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या अभ्यासकांनी दाखवले की पक्षाशी असलेली निष्ठा लहानपणापासून घरातूनच तयार होते. १९६७ मध्ये लिपसेट आणि रोक्कन यांनी युरोपातील पक्षांची मांडणी करताना मालक-कामगार, शहर-गाव, धर्मसंस्था-राज्यसंस्था अशा सामाजिक दुभंगांचा उपयोग केला. समाजात दुभंग असला म्हणजे त्यातून लगेच पक्ष उभा राहतो असे मात्र नाही. कोणीतरी तो प्रश्न उचलून त्याभोवती माणसे बांधावी लागतात.

उत्पन्न : गरीब जास्त मत देतो, तरीही

अमेरिकेत श्रीमंत आणि शिकलेले लोक गरिबांपेक्षा जास्त प्रमाणात मतदान करतात. भारतात तसे नाही. दिल्लीच्या सीएसडीएस या संस्थेच्या निवडणूक अभ्यासांतून १९९० च्या दशकापासून हे स्पष्ट होत आले आहे की गरीब आणि दलित मतदार मतदानात मागे नाहीत, अनेकदा पुढेच आहेत. महाराष्ट्राचेच उदाहरण घ्या. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत गडचिरोली-चिमूर मतदारसंघात सुमारे ७२ टक्के मतदान झाले, तर दक्षिण मुंबईत सुमारे ५० टक्के. शहरात स्थलांतर, यादीतले घोळ अशी इतर कारणेही आहेत, पण पैसा आणि शिक्षण वाढले की मतदान वाढते हा समज आपल्याकडे टिकत नाही.

गरीब माणूस रांगेत का उभा राहतो? अमित आहुजा आणि प्रदीप छिब्बर यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार भारतातल्या अतिवंचित मतदारांसाठी मत हा हक्क आहे, आणि राज्यसंस्थेच्या दृष्टीने आपण अस्तित्वात आहोत हे सांगण्याचा तो मार्ग आहे. आपल्या आजीने अंगठा उमटवताना दाखवलेला अभिमान ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

आता "समाज विकला गेला" या आरोपाकडे पाहू. पैसे वाटले जातात, हे सर्वांना माहीत आहे. पण मतदान गुप्त आहे. एकाच घरात दोन-तीन उमेदवारांची पाकिटे येतात आणि मत मात्र एकच असते. पैसे घेतले म्हणजे मत दिले, हे सिद्ध करता येत नाही. शिवाय हा आरोप नेहमी गरिबावरच होतो. ठेका, बदली किंवा परवान्यासाठी मत फिरवणाऱ्याला कोणी विकला गेला म्हणत नाही.

उत्पन्न वाढले की मत बदलते का? अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजाचे उदाहरण येथे उपयोगी आहे. तिथे कृष्णवर्णीयांमध्ये मोठा मध्यमवर्ग तयार झाला, पण त्याचे मतदान गोऱ्या मध्यमवर्गासारखे झाले नाही. मायकल डॉसन यांनी १९९४ च्या आपल्या पुस्तकात याचा उलगडा केला. माझे बरेवाईट माझ्या समाजाच्या बऱ्यावाइटाशी जोडलेले आहे, असे ज्याला वाटते तो स्वतःचा पगार पाहून मत देत नाही, समाजाचे काय होईल हे पाहून देतो. ही भावना चर्च, शेजार आणि संघटना यांच्यामुळे टिकते. आपल्याकडे वस्ती सोडून सोसायटीत गेलेल्या कुटुंबाचे काय होते, हा प्रश्न याच दृष्टीने पाहायला हवा. पगार वाढल्याने त्याचे मत लगेच दूर जात नाही, पण विहार, जयंती मंडळ आणि वस्तीतले जाणे-येणे तुटले तर जाऊ शकते.

व्यवसाय : कोणावर अवलंबून आहोत?

व्यवसाय मतावर तीन प्रकारे परिणाम करतो : आपण कोणावर अवलंबून आहोत, रोज कोणासोबत काम करतो आणि आपला हितसंबंध कशात आहे.

महार वतन हे अवलंबित्वाचे ठळक उदाहरण. गावकीची कामे करायची आणि बलुत्यासाठी गावाच्या तोंडाकडे पाहायचे, अशा स्थितीत गावाविरुद्ध उभे राहणे म्हणजे उपाशी राहण्याची तयारी ठेवणे. म्हणूनच बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्यात सुधारणा करणारे विधेयक आणले. पोट गावाच्या हातात असताना मताधिकार मिळाला तरी तो मोकळेपणाने वापरता येत नाही. आजही शेतमजुराला हंगामात काम कोण देतो, सफाई कामगाराचा ठेकेदार कोणत्या नगरसेवकाचा माणूस आहे, यावर बूथवरचे वातावरण ठरते.

सोबत काम केल्याने एकजूट होते, असे कामगार चळवळ मानते. मुंबईच्या गिरण्यांत हे अर्धेच खरे ठरले. अस्पृश्य कामगारांना जास्त मजुरीच्या विणकाम खात्यात घेतले जात नव्हते. धागा जोडताना तोंडाने ओला करावा लागे आणि त्यामुळे विटाळ होतो, असे सवर्ण कामगारांचे म्हणणे होते. १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. गिरणी एकच, मालक एकच, संपही एकच, तरी जात खात्याच्या दारातच उभी होती. व्यवसाय सारखा असला म्हणजे मत सारखे होत नाही, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण मिळणार नाही.

उलट बाजूचे उदाहरण बामसेफचे. कांशीराम, डी. के. खापर्डे आणि दीनाभाना यांच्या पुढाकाराने पुण्यातील सरकारी कर्मचाऱ्यांमधून सुरू झालेले हे काम १९७८ मध्ये देशव्यापी संघटना म्हणून पुढे आले. नियमित पगार, सुट्टी आणि बदलीमुळे देशभर पसरलेल्या ओळखी हे सरकारी नोकरीने दिलेले बळ होते. ते समाजासाठी वापरले गेले. १४ एप्रिल १९८४ रोजी बहुजन समाज पक्ष स्थापन झाला आणि २००७ मध्ये उत्तर प्रदेशात ४०३ पैकी २०६ जागा जिंकून स्वबळावर सत्तेत आला. आज कायम नोकऱ्या कमी होऊन कंत्राटी भरती वाढते आहे. बारा तास काम करणाऱ्या, कधीही काढून टाकता येणाऱ्या तरुणाकडे संघटनेला देण्यासाठी वेळही नसतो आणि पैसाही नसतो. खासगीकरणाचा चळवळीवर होणारा हा परिणाम आरक्षणाच्या चर्चेत क्वचितच मांडला जातो.

धर्म : ओळख आणि अंकगणित

२०११ च्या जनगणनेनुसार देशात सुमारे ८४ लाख बौद्ध आहेत आणि त्यांतले सुमारे ६५ लाख महाराष्ट्रात. राज्याच्या लोकसंख्येत हे प्रमाण ५.८ टक्के होते. बौद्धांमधील साक्षरता सुमारे ८१ टक्के, म्हणजे राष्ट्रीय सरासरीपेक्षा वरची आहे.

१९५६ च्या धम्मक्रांतीने मतदार म्हणून काय बदलले? स्वतःची ओळख बदलली आणि समाज वर्षातून अनेकदा एकत्र येऊ लागला. दीक्षाभूमी, चैत्यभूमी, गावोगावची विहारे आणि जयंती मंडळे हे संपर्काचे जाळे आहे. धर्माचा मतावर परिणाम होतो तो मुख्यतः अशा जाळ्यातून. पोथीत काय लिहिले आहे यावरून तो कमीच होतो.

पण अंकगणितही समजून घेतले पाहिजे. राज्यभराचा हिशेब धरला तर शंभरात सहा मतदार बौद्ध आहेत. महाराष्ट्रात विधानसभेच्या २९ आणि लोकसभेच्या पाच जागा अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत. पुणे करारानंतर संयुक्त मतदारसंघ आल्यामुळे राखीव जागेवरही निकाल बिगर-अनुसूचित मतदारांच्या बहुसंख्येवर ठरतो. अनुसूचित जातींमध्येही बौद्ध, मातंग, चर्मकार आणि इतर समाज आहेत आणि त्यांचे मतदान नेहमी एका दिशेने जात नाही. "दलित मते" असा एकच शब्द वापरला की हा फरक झाकला जातो.

बाबासाहेबांनी १९४५ मध्ये मुंबईत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या अधिवेशनात जातीय बहुमत आणि राजकीय बहुमत यांतला भेद मांडला होता. राजकीय बहुमत कार्यक्रमावर तयार होते आणि बदलू शकते, जातीय बहुमत जन्मानेच ठरलेले असते. मतदान केवळ जन्मावर होऊ लागले तर अल्पसंख्य समाज कायम अल्पसंख्यच राहतो. जातीवर मत द्या, ही हाक आपल्या फायद्याची वाटत असेल, तर संख्येने मोठ्या असलेल्या जातीही तेच करणार आहेत, हे ध्यानात ठेवावे.

तीन निवडणुका, एकच मतदार

१९३७ मध्ये बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने मुंबई प्रांतात १७ उमेदवार उभे केले आणि त्यांतले १४ निवडून आले. पक्षाच्या नावात जात नव्हती, मजूर होता. पक्षाने खोतीविरुद्ध कुळांना आणि कामगार कायद्याविरुद्ध गिरणी कामगारांना संघटित केले. ७ नोव्हेंबर १९३८ चा संप याच धोरणातून झाला. व्यवसायाच्या प्रश्नावर जातीपलीकडे माणसे जोडता येतात, हे त्या काळात दिसले.

१९४६ मध्ये राजकारण स्वातंत्र्य आणि फाळणी या दोन प्रश्नांवर विभागले गेले होते. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा मोठा पराभव झाला. समाज तोच होता, पण निवडणुकीचा प्रश्न आणि मतदानाची पद्धत आपल्या विरोधात होती.

१९५२ मध्ये उत्तर मुंबईच्या दोन सदस्यांच्या मतदारसंघात राज्यघटनेचे शिल्पकार सुमारे साडेचौदा हजार मतांनी पराभूत झाले. त्यांना सव्वा लाखाच्या आसपास मते मिळाली होती. समाजवाद्यांशी समझोता होता, तरी बेरीज पुरली नाही. पाचच वर्षांनी, १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समितीसोबत लढताना दादासाहेब गायकवाड नाशिकमधून लोकसभेवर गेले. मतदाराचा धर्म, धंदा आणि पगार पाच वर्षांत फारसा बदलला नव्हता. बदलली होती ती आघाडी आणि प्रश्न.

यानंतर रिपब्लिकन पक्षात जो वाद झाला, तो याच लेखाचा विषय आहे. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले आणि त्यांत इतर समाजातले शेतमजूरही आले. बी. सी. कांबळे यांच्या गटाला पक्षाची ही दिशा मान्य नव्हती. आर्थिक प्रश्नावर व्यापक व्हायचे की स्वतःची वैचारिक ओळख जपायची, हा प्रश्न तेव्हाही फुटीपर्यंत गेला आणि आजही सुटलेला नाही.

महाराष्ट्राचे कोडे

आंबेडकरी चळवळ सर्वांत जुनी आणि सर्वांत जागृत महाराष्ट्रात, मग सत्ता उत्तर प्रदेशात का मिळाली? अमित आहुजा यांनी २०१९ च्या पुस्तकात महाराष्ट्र, तमिळनाडू, उत्तर प्रदेश आणि बिहार यांची तुलना करून याचे एक उत्तर दिले आहे. जिथे दलितांची सामाजिक चळवळ आधी उभी राहिली, तिथे सगळ्याच पक्षांना त्यांचे प्रश्न आणि प्रतीके स्वीकारावी लागली. त्यामुळे दलित मते अनेक पक्षांत विभागली आणि स्वतःचा पक्ष लहान राहिला. उत्तर प्रदेशात तशी चळवळ कमजोर होती, म्हणून पक्षालाच ते काम करावे लागले. म्हणजे आपली मते विभागली जाणे हे फक्त फितुरीचे नव्हे, काही अंशी चळवळीच्या यशाचेही लक्षण आहे. मात्र त्या यशाची किंमतही आहे : प्रत्येक पक्ष चैत्यभूमीवर येतो आणि तिकीट वाटताना विसरतो.

१९९८ मध्ये चित्र वेगळे होते. प्रकाश आंबेडकर (अकोला), रा. सू. गवई (अमरावती), जोगेंद्र कवाडे (चिमूर) आणि रामदास आठवले (उत्तर मध्य मुंबई) हे चौघे काँग्रेसशी झालेल्या समझोत्यातून खुल्या जागांवरून लोकसभेत गेले. २०१९ मध्ये वंचित बहुजन आघाडीने राज्यात सुमारे सात टक्के मते घेतली, पण जागा मिळाली ती आघाडीतील एमआयएमला, औरंगाबादची. २०२४ च्या लोकसभेत वंचितची मते तीन टक्क्यांच्या आसपास आली.

२०२४ मध्ये तर एकाच वर्षात दोन निकाल लागले. लोकसभेला महाविकास आघाडीने ४८ पैकी ३० जागा घेतल्या, नोव्हेंबरमध्ये विधानसभेला महायुतीने २८८ पैकी २३० हून अधिक. सहा महिन्यांत कोणाचा धर्म बदलला नाही, जात बदलली नाही, धंदाही बदलला नाही. मधल्या काळात संविधानाचा प्रश्न मागे गेला आणि अडीच लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील महिलांच्या खात्यात महिन्याला दीड हजार रुपये येऊ लागले. निकालाची कारणे अनेक आहेत. पण मतदाराची ओळख एवढ्यावर निकालाचे भाकीत करता येत नाही, हे या सहा महिन्यांनी दाखवून दिले.

आकडे वाचताना

निवडणूक आयोग फॉर्म २० मध्ये बूथनिहाय मते जाहीर करतो. मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर तो पाहता येतो. प्रत्येक कार्यकर्त्याने तो वाचायला शिकावे, पण एक चूक टाळावी.

समजा एका बूथवर १,००० मते पडली. त्यांतली ६०० बौद्धांची आणि ४०० इतरांची. एका उमेदवाराला ५५० मिळाली. "सगळी आपलीच" असे लगेच म्हटले जाते. पण इतरांची चारशेच्या चारशे मते त्याला गेली असतील, तर बौद्धांची फक्त १५० ठरतात. म्हणजे खरा आकडा १५० ते ५५० यांच्यामध्ये कुठेही असू शकतो. गटाच्या आकड्यावरून व्यक्तीचे वर्तन ठरवण्याची ही चूक डब्ल्यू. एस. रॉबिन्सन यांनी १९५० मध्येच दाखवून दिली होती.

सर्वेक्षणांचेही तसेच. राज्यात पाच हजार लोकांना विचारले तर त्यांत बौद्ध साधारण तीनशे येतील. एवढ्या लहान नमुन्यात पाच-सहा टक्क्यांची चूक सहज होते. त्यातून विदर्भातील बौद्ध महिला असा तुकडा काढला तर हाती काहीच उरत नाही. वाहिनीवरचा "बौद्ध मते इतके टक्के" हा आकडा बातमी म्हणून ऐकावा, पुरावा म्हणून वापरू नये.

कार्यकर्त्यांसाठी

पुढच्या निवडणुकीची वाट न पाहता चार कामे आजच सुरू करता येतील.

एक, आपल्या बूथची यादी घरोघरी तपासा. स्थलांतरित आणि नवीन १८ वर्षांचे मतदार सुटलेले असतात.

दोन, वस्तीची कामानुसार नोंद ठेवा : कंत्राटी कामगार किती, रिक्षाचालक किती, घरकाम करणाऱ्या महिला किती, स्पर्धा परीक्षा देणारे किती. प्रत्येकाचा प्रश्न वेगळा आहे आणि तो प्रश्न असलेली इतर समाजाची माणसे शेजारच्याच वस्तीत राहतात.

तीन, सोसायटीत गेलेल्या कुटुंबांना फक्त वर्गणीसाठी फोन करू नका. विहाराच्या कामात त्यांना जबाबदारी द्या.

चार, निकालानंतर दोष देण्याआधी फॉर्म २० काढा.

बाबासाहेबांनी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे साक्ष दिली तेव्हा मताधिकार मालमत्तेशी जोडलेला होता आणि आपला समाज जवळपास यादीबाहेर होता. १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे त्यांनी प्रौढ मताधिकार मागितला आणि पुढे घटनेच्या कलम ३२६ ने तो सर्वांना मिळाला. मताला उत्पन्नाची अट नको, म्हणून ते तीस वर्षे झगडले. ज्यांना ते मत मिळाले, त्या माणसांना विकाऊ किंवा एकगठ्ठा म्हणून मोजण्याआधी त्यांच्या घरी जाऊन विचारावे : तुम्ही काय काम करता, घर कसे चालते आणि मत देताना कशाचा विचार केला?